गावचा तलाव कशानं बिघडला, ते आधी मोजा. मग पाण्यात उतरा

माझं माहेर वैनगंगेच्या काठावरचं, सासर गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं. आम्ही ढिवर. दोन्ही घरी भिंतीला जाळं टांगलेलं. माहेरचं नदीसाठी, सासरचं तलावासाठी. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे, मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घेऊन गेले आणि म्हणाले, "पोरी, पयले या पान्यात पैसा टाकला त तळाले पडलेला दिसे." मी वाकून पाहिलं. पाणी दूध घातलेल्या चहासारखं होतं. माझा पायसुद्धा मला घोट्याखाली दिसला नाही.

आमच्या बचत गटाच्या बाया आणि मासेमारी संस्थेची माणसं मिळून काही वर्षं त्या तलावात खपलो. आता शेजारच्या गावांतल्या बाया येतात, विचारतात, कुठून सुरुवात करायची. दर वेळी तेच सांगते, आणि घाईत काहीतरी राहून जातं. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते आहे.

पहिली गोष्ट अशी की आपला तलाव निसर्गानं आयता दिलेला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या काही भागात असे हजारो तलाव आहेत, ते माणसांनी बांधले. गोंड राजांच्या काळात इथं आलेल्या कोहळी लोकांनी उतार हेरून, दोन टेकड्यांमधली फट मातीच्या पाळीनं बुजवून पाणी अडवलं. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं आमच्याकडे सांगतात. धानाला पाणी मिळावं म्हणून जंगलातलं ओढ्याचं पाणी माणसानं थांबवलं; निसर्गात केवढी मोठी ढवळाढवळ होती ती! पण मग त्या पाण्यात देवधान, म्हणजे न पेरता उगवणारं रानधान, उगवलं, कमळं आली, अडई, म्हणजे शिट्टी घालणारी बदकं, आल्या, सारसाची जोडी आली, आणि आमच्यासारख्यांचं पोट त्यावर चाललं. हे का टिकलं? कारण दर उन्हाळ्यात गावानं गाळ काढला, पाळ चोपली, पाणी सोडायला माणूस नेमला. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले तेव्हा त्यांच्याभोवतीची ही सगळी कामंही गावाच्या हातून सुटली. माजी मालगुजारी म्हणून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. लहान तलाव पुढं जिल्हा परिषदेकडे आले, आणि आपला तलाव आपण कधी साफ करायचा हे गाव विसरून गेलं.

हे एवढं इतिहासाचं सांगण्याचं कारण आहे. तलावाकडे जाल तेव्हा "निसर्ग बिघडला" असं म्हणून थांबू नका. कुणी, केव्हा, काय केलं म्हणून हे झालं, असं एकेका गोष्टीला विचारा. कारण सापडलं की उपाय बहुतेक वेळा तिथंच शेजारी सापडतो.

एक वही, एक ताटली, एक बांबू

सामान एवढंच. वही शंभर पानी घ्या, पाण्याकाठी न्यायची म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

ताटली पांढरी हवी. मी घरातली जुनी चिनी मुलाम्याची थाळी घेतली, वीतभर रुंद. तिला मधोमध आणि कडेला तीन भोकं पाडून सुतळी ओवली, खाली एक दगड बांधला म्हणजे ती आडवी राहून सरळ बुडते. सुतळीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. दुपारी बारा-एकच्या सुमारास, ऊन डोक्यावर असताना, डोंग्यात बसून सावलीच्या बाजूनं ताटली हळूहळू खाली सोडायची. ती दिसेनाशी झाली की थांबायचं, थोडी वर ओढायची, पुन्हा दिसली की ती गाठ मोजायची. दोन्हीच्या मधला आकडा वहीत. बस, शास्त्रज्ञ लोकही पाण्याचा गढूळपणा अशाच थाळीनं मोजतात, त्यांची थाळी काळी-पांढरी असते इतकंच.

आमची पहिली नोंद होती १८ सेंटिमीटर. माझी वीतही त्याहून मोठी आहे. त्या पाण्यात नजर वीतभरही खाली जात नव्हती, मग ऊन तळापर्यंत कुठलं पोचणार. तर तळाशी वनस्पती कशी जगणार? आणि तळाशी वनस्पती नसेल तर मासोळीनं अंडी कुठं चिकटवायची, पिलांनी कुठं लपायचं? मामाजींचा तळाला दिसणारा पैसा आणि संस्थेच्या घटलेल्या मासोळीचा हिशोब, दोन्ही एकाच थाळीत होते.

महिन्यातून एकदा, त्याच तीन जागी मोजा: पाळीजवळ, मधोमध, आणि जिथून पाणी येतं त्या तोंडाशी. मधे बोलू नका, ढवळू नका, आदल्या दिवशी गुरं धुतली असतील तर दोन दिवस थांबा. पाणी हिरवं असेल तर "हिरवं" लिहा, मातकट असेल तर "मातकट". हा फरक फार महत्त्वाचा आहे. मातकट म्हणजे माती येते आहे किंवा तळ ढवळला जातो आहे. हिरवं म्हणजे शेतातलं युरिया-डीएपी धुऊन पाण्यात उतरतं आहे आणि त्यावर शेवाळ माजतं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

बांबू गाळासाठी. दहा-बारा हात लांब, सरळ, हातहातावर कोयत्यानं खाच केलेला. पाण्यात उभा करा, तळाला टेकला की खाच पाहा, मग अंगाचा भार देऊन दाबा. मऊमऊ जातो तो गाळ. "ठक्" असं हाताला लागतं ती तलावाची मूळची जमीन. आमच्या पाळीजवळ बांबू सव्वादोन हात गाळात गेला. म्हणजे पूर्वजांनी खोल ठेवलेला तलाव तिथं छातीइतका उथळ झाला होता. बांबूची नोंद उन्हाळ्यात एकदा केली तरी चालते.

म्हाताऱ्यांना विचारताना

"पूर्वी कसं होतं?" असं विचारलं की "पयले लय चांगलं होतं" एवढंच उत्तर येतं. त्याचा काही उपयोग नाही. मी असं विचारलं: तुमच्या लग्नाच्या वर्षी तलाव कुठल्या दगडापर्यंत भरला होता? देवधान कुठल्या बाजूला तोडायला जात होत्या? मागूर शेवटची केव्हा लागली जाळ्याला? बेशरम पहिल्यांदा कुणाच्या कुंपणाला पाहिली? माणसाला साल आठवत नाही, पण लग्न, बाळंतपण, दुष्काळ, गावात वीज आल्याचं वर्ष आठवतं. इटियाडोह धरण झालं त्याच्या आधी की नंतर, असं विचारलं तरी आमच्याकडची मंडळी बरोबर सांगतात.

एका आजीनं बेशरमेचं मूळ सांगितलं. ती म्हणाली, "माह्याच बुढ्यानं आणली व बाई, वाडीले लावाले. बकरी खात नाही मनून." कुंपणाला चांगली, जळणाला बरी, काडी खोचली की फुटते, म्हणून माणसांनी हौसेनं लावली. ती मूळची अमेरिका खंडातली, तिला इथं खाणारं कुणी नाही. वाडीतून नालीत, नालीतून तलावात. आज विदर्भात कुठल्याही तलावाच्या काठी तिची जांभळी फुलं दिसतात, आणि लोकांना वाटतं ती इथलीच. आजीनं बकरीबद्दल सांगितलं होतं ते अर्धंच खरं निघालं. भुकेली बकरी खाते, तिला चटक लागते, मग मान डुलते, पाय लटपटतात आणि जनावर हातचं जातं. आमच्याकडे दोन बकऱ्या अशा गेल्या.

सांगितलेलं सगळं वहीत लिहा, सांगणाऱ्याचं नातं लिहा. मग कागद काढा. तहसीलमध्ये निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मिळतं. आपल्या भागात जुन्या मध्य प्रांताच्या वेळेपासूनची ही पद्धत आहे. गावानं तलावाचं, रानाचं काय काय वापरायचं, पाणी येण्याची वाट कुठून, गुरांचं पाणी कुठं, ते त्यात लिहिलेलं असतं. भूमी अभिलेखमधून गावनकाशा घ्या. ज्यांच्या मोबाईलवर किंवा शाळेच्या संगणकावर गूगल अर्थ चालतं त्यांनी जुनी वर्षं मागे सरकवून आपला तलाव पाहावा. आमच्या मुलीनं मला दाखवलं तेव्हा बुडीत भागात गाळपेर शेती वर्षावर्षानं कशी आत सरकली, ते धडधडीत दिसलं. कुणाशी भांडावं लागलं नाही. ज्यांची शेती सरकली होती तेच स्क्रीनकडे पाहून गप्प झाले.

पाण्याच्या वाटेनं उलटं चालत जा

हे काम पहिल्या मोठ्या पावसात करायचं. छत्री घ्या, पायात चप्पल नको, आणि तलावात पाणी जिथून येतं तिथून वर चालत सुटा, जंगलापर्यंत. आमच्याकडे वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे पाणी कमी पडायचं कारण आकाशात शोधण्याआधी वाटेत शोधा.

आम्हाला वाटेत तीन गोष्टी सापडल्या. एक, नवा रस्ता आडवा झाला होता आणि त्याखालचा पाईप जमिनीच्या वर हातभर बसवला होता. तिथं पाणी साचून दुसऱ्याच नाल्याला वळत होतं. दोन, धुऱ्यालगतची जुनी नाली दोन शेतकऱ्यांनी नांगरून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मिळवली होती. तिसरी गोष्ट जंगलातली, आणि तिच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडतं. खाली पाला असला की फूल दिसत नाही, म्हणून लोक पाला पेटवून देतात. तेंदूला नवी पानं चांगली फुटतात असं समजूनही आगी लावतात. एक झाड साफ करायला लावलेली आग टेकडीभर जाते. मी त्या टेकडीवर मे महिन्यात उभी राहिले आहे. पायाखाली काळी राख आणि तिच्याखाली उघडी लाल माती. गवताचं एक ठोंब नाही. जूनमध्ये पहिल्या सरीत तीच माती घेऊन लाल पाणी खाली येतं आणि सरळ तलावात बसतं. आमच्या बांबूचा सव्वादोन हात गाळ तिथून आला होता. फूल वेचणारी बाई आणि जाळं टाकणारी बाई एकाच गावची, कधी एकाच घरची; पण टेकडी आणि तलाव यांचा संबंध आम्ही कुणी जोडला नव्हता.

उपाय साधा आहे. झाडाखालचा पाला खराट्यानं गोल ओढून बाजूला करा, किंवा जुनी लुगडी शिवून, नाहीतर हिरवी नेट झाडाखाली अंथरा. नेटवर पडलेल्या फुलाला माती लागत नाही, भावही बरा येतो, सकाळी वाकायचा त्रास वाचतो. आमच्या गटानं आधी पाच बायांना नेट दिली. पुढच्या वर्षी बाकीच्यांनी स्वतःहून मागितली. आग पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही, पण आमच्या बाजूची टेकडी सलग तीन उन्हाळे जळलेली नाही.

पाईपचं म्हणाल तर ग्रामसभेत ठराव, अर्ज, फोटो, पुन्हा अर्ज. दीड वर्ष गेलं. नाली मात्र त्या दोघांनी स्वतःच एका दिवसात मोकळी केली, कारण त्यांच्याच बांधीला खालून पाणी लागत होतं.

बेशरम उपटणं

कापू नका. एवढं एक वाक्य तुम्ही लक्षात ठेवलंत तरी माझं लिहिणं वसूल. कापलेला प्रत्येक तुकडा पाण्यात पडला की मुळं धरतो. आमच्या पहिल्या वर्षी रोजंदारीवर माणसं लावून विळ्यानं सपासप कापली, ढीग काठावरच सोडले, आणि पावसाळ्यात पाणी चढल्यावर ते ढीग तरंगत तलावभर पसरले. जिथं नव्हती तिथंही उगवली.

मे संपता संपता, पाणी मागे सरलेलं पण चिखल ओला असतो, तेव्हा सब्बल घाला, मुळाखाली उचल द्या आणि दोघीतिघींनी मिळून सगळं ठोंब ओढा. पहाटे सहाला सुरुवात, दहाला बंद. चीक निघतो, अंगाला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवा आणि घरी जाऊन हातपाय साबणानं धुवा. उपटलेलं ठोंब मुळं वर करून उंच, कोरड्या पडीत जागी नेऊन पसरा. तलावाच्या पाणरेषेच्या आत अजिबात नाही. मृगापर्यंत कडकडीत वाळतं. पुढची दोन वर्षं दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात एकेक फेरी मारून नवे कोंब उपटावेच लागतात. याला सुटका नाही.

जलकुंभी असेल तर एकही झाड मागे राहू देऊ नका. तीही दक्षिण अमेरिकेतली. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात काय होतं ते माझ्या माहेरच्यांनी पाहिलं आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, आणि त्या खाण्यावर जलकुंभी अशी पोसते की डोंगा पुढं जात नाही. माझा भाऊ जाळं टाकायला जागा शोधत फिरतो. त्याच्या दुःखाला माझ्या या वहीत उत्तर नाही. तिथं शहराचं पाणी शहरातच शुद्ध झालं पाहिजे. आपल्या लहान तलावात मात्र ती हातानं निघते.

गाळ काढताना जपायच्या जागा

तलाव जिल्हा परिषदेचा असेल तर लघु पाटबंधारेची परवानगी घ्या, जंगलातला असेल तर वनविभागाची. गाळ शेतात नेण्याची सरकारी योजना २०१७ पासून आहे. वनहक्क कायदा, २००६ मध्ये तलावातल्या मासोळीवर आणि इतर उपजेवर गावाचा सामूहिक हक्क मागता येतो. आणि पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा, लागू असलेल्या गावांत लहान पाणसाठ्यांचं नियोजन पंचायतीकडे, ग्रामसभेकडे येतं. हे ठरावात लिहून ठेवा, पुढं उपयोगी पडतं.

शेजारच्या एका गावात कंत्राटदारानं मशीन लावून मधोमध विहिरीसारखा खड्डा केला, कडा उभ्या कापल्या आणि काठाचा उथळ भाग खरवडून टाकला. खोली वाढली म्हणून सगळे खूश झाले. त्या पावसाळ्यानंतर तिथं देवधान उगवलं नाही, बगळ्याला उभं राहायला जागा उरली नाही, आणि पाणी पिऊन वर येताना एक म्हैस कडेवरून घसरून गेली. खड्ड्याचं पाणीही माघातच आटलं, कारण खालचा चिकण थर फुटला होता.

म्हणून मशीन चालवणाऱ्याजवळ गावातलं एक माणूस बांबू घेऊन उभं राहिलंच पाहिजे. "ठक्" लागेल तिथं थांबायचं. पाळीच्या पायथ्यापासून दहा मीटर तरी सोडायचं, नाहीतर पाळ खचते. काठाकडचा गुडघाभर पाण्याचा पट्टा जसाच्या तसा ठेवायचा आणि उतार असा करायचा की लहान पोरगंही चालत आत जाईल. सगळा तलाव एका वर्षात खणू नका. अर्धा यंदा, अर्धा पुढल्या साली, म्हणजे मासोळीला आणि वनस्पतीला परतायला बी उरतं.

पाण्यातली लावणी

धान रोवणाऱ्या बाईला हे काम शिकवावं लागत नाही. फक्त काय, किती पाण्यात, हे ठरवायचं.

आधी आसपास एखादा तलाव शोधा जिथं अजून पाणी निवळ आहे. जंगलाच्या आत असा एखादा हमखास सापडतो. तिथून रिबिनीसारख्या लांब पानांची, कोल्ह्याच्या शेपटीसारखी, आणि गाठीगाठीला बारीक पानांचे झुबके असलेली, अशा पाण्याखाली राहणाऱ्या दोन-तीन वनस्पती घ्या. काठासाठी देवधानाची ठोंबं. ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी आणा. आणण्याआधी प्रत्येक मूठ परातीत पाणी घेऊन झटका आणि पाहा. जलकुंभीचं नखाएवढं रोपटं त्यात लपून येतं. माझी सून हे काम चष्मा लावून करते आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

जुलैमध्ये, पाणी स्थिर झालं की उतरायचं. देवधान वीत-दीड वीत पाण्यात. पाण्याखालच्या वनस्पती गुडघ्यापासून कमरेपर्यंत. पाच-सहा काड्यांची जुडी, बुडाशी चिकण मातीचा गोळा, गोळा टिकत नसेल तर आत खडा. आणि पायाच्या अंगठ्यानं चिखलात खड्डा करून जुडी खोचायची, टाचेनं दाबायची. बांबूच्या कामट्यांचं कुंपण भोवती करा, निदान पोळ्यापर्यंत, नाहीतर म्हशी येऊन बसतात. कमळ मी मुद्दाम एका कोपऱ्यात ठेवते. दिसायला देखणं आहे, देवाला लागतं, पण त्याला मोकळं सोडलं तर पान पाण्यावर झाकण घालतं आणि खालच्या वनस्पतीला ऊन मिळत नाही. शिंगाड्याचंही तेच, तलावाच्या एका बाजूला मर्यादेत.

आमची पहिल्या वर्षीची सगळी लावणी महिन्याभरात नाहीशी झाली. कुंपण शाबूत, आतलं रान साफ. आठ दिवस आम्हाला कळेना. मग मामाजींनी जाळं टाकलं आणि हातभर लांबीचा गवत्या वर काढला. आधीच्या ठेक्यात कुणीतरी त्याचं बीज सोडलं होतं. गवत्या हा बाहेरदेशचा मासा, पाण्यातली वनस्पती खाऊनच तो वाढतो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरतो, म्हणून पाणी मातकट राहतं. तिलापिया पिलं इतकी काढतो की बाकीच्यांना जागा उरत नाही. लवकर वाढतात, बाजारात विकतात, म्हणून माणसांनीच ते सोडले. थाळीचे १८ सेंटिमीटर टेकडीच्या मातीमुळे होते आणि या माशांमुळेही, हे तेव्हा समजलं.

मग संस्थेच्या बैठकीत पुष्कळ वाद झाला. वर्षभर उत्पन्न घटणार होतं आणि ते खोटं नव्हतं. शेवटी ठरलं, की उन्हाळ्यात पाणी कमी असताना हे तिन्ही मासे जितके निघतील तितके काढून विकायचे, पुन्हा बीज सोडायचं नाही. रोहू-कतला मोजून सोडायचे, आणि मरळ, मागूर, शिंगी, वाम यांना आपोआप वाढू द्यायचं. दुसरा नियम चढणीच्या मासोळीचा. पहिल्या पावसात मासोळी अंडी घालायला सांडव्यावरून, नालीतून वर चढते, आणि तेव्हाच सगळं गाव टोपल्या घेऊन धावतं. पहिले पंधरा दिवस नालीत कुणी काही लावायचं नाही, मच्छरदाणीचं जाळं तर बाराही महिने बंद. पोरांना हे पटवणं मोठ्यांपेक्षा सोपं गेलं. त्यांना पोटात अंडी भरलेली शिंगी उघडून दाखवली.

तिसरा नियम पाण्याचा. उन्हाळी धानाला मोटारी लावून तलाव तळाला नेतात. आम्ही पाळीच्या दगडावर ऑइलपेंटची लाल रेघ मारली. त्या रेघेला पाणी आलं की मोटार बंद, मग कुणाचंही शेत असो. रेघ मारायला दहा मिनिटं लागली, तिच्यावर एकमत व्हायला दोन ग्रामसभा.

फवारणीच्या पंपाचं इथंच सांगते. पंप आणि औषधाचे डबे तलावात धुऊ नका. शेतातच बांधीच्या कोपऱ्यात धुवा. सारस आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या बाहेर महाराष्ट्रात जवळपास कुठं राहिलेलाच नाही, आणि मोजणीत त्यांची संख्या पन्नासही भरत नाही. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ काठी तो गवताचा ढीग रचून घरटं करतो, बहुतेक दोनच अंडी घालतो. बांधीत घरटं दिसलं तर भोवतीचा तुकडा न फवारता सोडा, निंदणीला त्या बाजूला जाऊ नका, आणि लागलीच वनविभागाला किंवा सारस जपणाऱ्या मंडळींना कळवा. आमच्या तलावावर सारस अजून उतरलेला नाही. मामाजींनी लहानपणी पाहिला होता.

वहीत पुढं काय दिसतं

घाई करू नका. दुसऱ्या वर्षी आमचा आकडा १८ वरून २६ वर गेला, तिसऱ्या वर्षी मोठा पूर आला आणि पुन्हा २० वर आला. त्या दिवशी वही मिटून ठेवावीशी वाटली. चौथ्या वर्षी मार्गशीर्षात पाळीजवळ ७० सेंटिमीटर भरले. मधोमध अजून पंचेचाळीस-पन्नासच आहेत, आणि पाणी येण्याच्या तोंडाशी त्याहून कमी, कारण वरचा पाईप अजून नीट बसलेला नाही. मागूर जाळ्याला लागायला लागली. अडई शेकड्यानं उतरतात, पहाटे त्यांच्या शिट्टीनं जाग येते. देवधान एवढं झालं की मागच्या ऋषीपंचमीला गावातल्या म्हाताऱ्या बायांना ते बाजारातून विकत आणावं लागलं नाही. उपासाला न नांगरलेल्या जमिनीचंच धान चालतं ना.

तुमच्या गावात सुरुवात करायची असेल तर येत्या अमावास्येच्या आसपास कुठलाही एक दिवस धरा आणि थाळी घेऊन तीन जागी मोजा. गट नंतर होईल, ठराव नंतर होईल. पहिला आकडा एकदा वहीत लिहिला गेला पाहिजे, त्याच्याखाली तारीख, आणि पाणी हिरवं की मातकट. मामाजींना आता डोळ्यांनी कमी दिसतं. मागच्या मोजणीला त्यांना डोंग्यात बसवून नेलं, सुतळी त्यांच्याच हातात दिली. ते गाठी बोटांनी चाचपत मोजत होते आणि थाळी दिसते का, ते मी सांगत होते. सातव्या गाठीपर्यंत मी "दिसते" म्हणत राहिले.